शीला (आपली)

माझं नाव शीला. मिरजेत बारशाला भागूआत्याने ते माझ्या कानात सांगितलं तेव्हा ते विशेषनाम होतं. इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला लागले आणि त्याचं सामान्यनाम झालं.

आमच्या टीमला ऑस्ट्रेलियाचा क्लायंट मिळाला, तिथून हे सुरू झालं. मेलबर्नला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेचार, आणि त्यांच्या उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे सरकली की साडेतीन. अशा वेळी होसूर रोडवर फक्त कुत्री, कंपन्यांच्या कॅब आणि मी. सिल्क बोर्डचा चौक तेव्हा चक्क रिकामा असतो. हे मी शपथेवर सांगते, पण बंगळूरचा एकही माणूस विश्वास ठेवत नाही. ऑगस्ट 2025मध्ये मेट्रोची पिवळी लाईन आली खरी, पण त्या वेळेला तीसुद्धा झोपलेली असते.

तर पहिला कॉल. मी घसा साफ करून, ट्रेनिंगमध्ये शिकवलेल्या गोड आवाजात म्हटलं, "गुड मॉर्निंग, मी शीला बोलतेय." पलीकडे गोदामाचे एक वयस्क सुपरवायझर होते. ते म्हणाले, "ते आवाजावरून कळलंच. नाव काय?"

मी पुन्हा शीला म्हटलं. ते पुन्हा हसले. तिसऱ्यांदा त्यांनी शेजारच्याला फोन ऐकायला दिला.

चहाच्या सुट्टीत शोध घेतला. ऑस्ट्रेलियन बोलीत शीला म्हणजे बाई. कोणतीही. एकोणिसाव्या शतकात आयर्लंडहून कैदी म्हणून, मग पोटासाठी, लोक तिकडे गेले. त्यांच्यातला पुरुष दिसला की तो पॅडी, बाई दिसली की ती शीला. पुढे आयरिशपण गळून पडलं आणि नुसती बाई उरली. हल्ली शहरातली तरुण मंडळी हा शब्द फारसा वापरत नाहीत, त्यांना तो जुनाट आणि जरा हिणकस वाटतो. पण आमचं गोदाम काही तरुण मंडळी चालवत नव्हती. गंमत म्हणजे ही आयरिश शीला मुळात सेसिलिया, आणि त्या नावाची मुळी लॅटिनमधल्या 'आंधळा' या शब्दाशी जाते. आपल्याकडे शीलवती, तिकडे आंधळी. आत्याला हे अजून सांगितलेलं नाही.

नावाचे हाल मला नवे नव्हते म्हणा. 2010च्या जानेवारीत सिल्क बोर्डकडून इलेक्ट्रॉनिक सिटीकडे येणारा लांबलचक उड्डाणपूल सुरू झाला आणि त्याच डिसेंबरात 'तीस मार खान' आला, 'शीला की जवानी' घेऊन. पुलामुळे वाचलेली सगळी मिनिटं लोकांनी मला ते गाणं म्हणून दाखवण्यात घालवली. पण गाण्यात निदान ती एक शीला होती. इथे लाखो.

खरा घोळ मिनिट्समध्ये झाला. मीटिंगचं टिपण ठेवायला मंड्याचा एक नवा पोरगा होता, कॉलेजातून नुकता आलेला, पडेल तो शब्द झेलणारा. सुपरवायझर म्हणाले, अकाउंट्समधली शीला बिलं पाठवेल. पोराने लिहिलं, बिलं : शीला. ते म्हणाले, जीलाँगच्या गोदामातली शीला पॅलेट मोजेल. पोराने लिहिलं, पॅलेट मोजणी : शीला. रिसेप्शनवरची शीला केकची ऑर्डर देणार होती, तोही माझ्याच नावावर आला. शुक्रवारी टीमलीडने यादी पडद्यावर लावली. एकूण चौदा कामं, त्यातली अकरा माझी. "शीला, एवढं काम अंगावर घेऊ नकोस," तो कळवळून म्हणाला, आणि लगेच विचारलं, "पण पॅलेट का राहिले?"

सुमारे नऊ हजार किलोमीटरांवरचे पॅलेट मी इलेक्ट्रॉनिक सिटी फेज वनमधून कसे मोजणार होते, हे त्याने विचारलं नाही.

सगळा उलगडा केल्यावर त्याने तोडगा सुचवला, की कॉलपुरतं दुसरं नाव घे. कॉल सेंटरांच्या भरभराटीत अर्ध्या बंगळूरने घेतलीच होती की! "सुटसुटीत काहीतरी. कॅरन चालेल?"

मी कॅरनचीही चौकशी केली. डॅनिश वळणाचं, कॅथरीनच्या घरातलं चांगलं नाव. पण 2020च्या सुमारास इंग्रजीत त्याचा अर्थ झाला, 'तुमच्या मॅनेजरला बोलवा' म्हणून काउंटरवर तणतणणारी बाई. म्हणजे आगीतून उठून फुफाट्यात. इंग्रजीला ही खोडच आहे. या शहरालाही तिने सोडलं नाही. नोकरी इकडे पाठवून तिकडच्या माणसाला घरी बसवलं, की अमेरिकेत तो 'बँगलोर्ड' झाला म्हणायचे. शहराने 1 नोव्हेंबर 2014ला इंग्रजीतलं नाव बदलून बेंगळुरू केलं. मी काय करू?

रात्री आत्याला फोन लावला. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"माझं नाव काय?"

"भागीरथी."

"आणि अख्खा महाराष्ट्र भित्र्या माणसाला काय म्हणतो? भागूबाई. आपल्या न्हाणीघरात नाग निघाला तेव्हा तुझा बाप आणि दोन्ही काका माळ्यावर चढले. काठी कुणी घेतली?"

"तू."

"तरी आळीतली पोरं भित्री भागूबाईच म्हणायची. मी नाव बदललं का? तीच काठी त्यांना दाखवली. ठेव फोन, उगाच पैसे जातात."

इंग्रजीला नावं ठेवताना मराठीची ही भागूबाई मी साफ विसरले होते.

दुसऱ्या दिवशी त्या पोराला सांगितलं, माझं नाव कॅपिटल अक्षराने लिही, त्यांची शीला स्मॉलने. तो बिचारा म्हणाला, "मॅडम, कानाला कॅपिटल ऐकू येत नाही." खरं होतं. देवनागरीत तर ते डोळ्यालाही दिसत नाही. शेवटी त्यानेच प्रत्येक कामापुढे कंस घालायला सुरुवात केली : शीला (आपली), शीला (त्यांची). तेव्हापासून कामं अकरावरून तीनवर आली.

जीलाँगचे पॅलेट मात्र अजून (आपली)च्या खात्यावर आहेत.