जॉइंट कस्टडीत रोम

बँकेची तिजोरी एकट्या माणसाला उघडता येत नाही. एक किल्ली मॅनेजरकडे, दुसरी हेड कॅशिअरकडे. दोघांचं कितीही वाकडं असलं तरी सकाळी शेजारी शेजारी उभं राहावंच लागतं. या पद्धतीवर माझी अख्खी नोकरी सुखरूप पार पडली, म्हणून रोमला निघताना पासपोर्टही मी जॉइंट कस्टडीत टाकले. सौ.ने जुन्या जीनच्या कापडाचा बटवा शिवला. तो बनियनच्या आत पोटाला बांधायचा आणि त्याच्या चेनला एवढंसं कुलूप लावायचं. बटवा माझ्या पोटावर, किल्ली तिच्या गळ्यात, एक ग्रॅमच्या मंगळसूत्राला सेफ्टी पिनने अडकवलेली. खरं मंगळसूत्र लॉकरमध्ये.

ही सगळी नातेवाइकांची कृपा. रोमची बातमी फुटली आणि माणसं अभिनंदनाला येऊन सांत्वन करून जाऊ लागली. मोठे मेव्हणे सबंध आयुष्यात काठमांडूच्या पलीकडे गेलेले नाहीत, पण रोमच्या पाकीटमारांबद्दल ते असे बोलत होते, जणू एकाच गुरूकडे शिकलेत. समोरच्या काकूंच्या ओळखीत परदेशात लुटलं गेलेलं कुणी निघेना. त्यांनी मग सिंगापूरला बाथरूममध्ये पाय घसरलेल्या एका भाच्यावर भागवलं. दुसऱ्याला घाबरवण्याइतका स्वस्त आनंद नाही, आणि आमच्या घरी त्याला चहाही मिळत होता.

त्यात शेन्गेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा विमा काढावा लागतो. बारीक अक्षर दिसलं की मला राहवत नाही. मी पॉलिसी वाचायला घेतली, तर आजारपणाबरोबर मृतदेह मायदेशी आणण्याचा खर्चही त्यात धरलेला. "म्हणजे वेळ आली तर परतीच्या तिकिटाची चिंता नाही," मी म्हणालो. सौ. हसली नाही. तिने बटव्याला आणखी एक शिवण मारली.

तर कलोसियम. तिथल्या तिकिटावर २०२३पासून नाव छापलेलं असतं आणि ते दारावर ओळखपत्राशी ताडून बघतात. पहारेकऱ्याने हात पुढे केला आणि मी शर्टाची बटणं काढायला सुरुवात केली. तो दोन पावलं मागे सरला. बटवा बाहेर आला, पण किल्ली? सौ. स्वच्छतागृह शोधायला गेलेली. पोट उघडं टाकून मी रांगेच्या तोंडाशी उभा. मागच्या मंडळींनी आधी माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं, मग आवडीने. ती धावत आली, पण गडबडीत पीन काही निघेना. शेवटी तिने मानच खाली आणली. मंगळसूत्र गळ्यात, किल्ली कुलपात आणि कपाळ माझ्या पोटावर, अशा अवस्थेत आमची ओळख पटली. पन्नास हजार माणसं जिथे ग्लॅडिएटरांच्या झुंजी बघायला बसत, त्या इमारतीच्या दारात आमचाही खेळ बरा रंगला.

त्या रात्री कुलूप गेलं. लाजेपुढे भीतीचं काही चाललं नाही.

उरलीसुरली भीती रस्त्यावर गेली. रोममध्ये पादचाऱ्यांसाठी पट्टे आखलेत, पण आपण पाय टाकल्याशिवाय गाडी थांबेल याची खात्री नाही. अशाच एका पट्ट्यापाशी उंचनिंच गोरं जोडपं नकाशा छातीशी धरून कधीचं ताटकळत होतं. सौ.ने त्यांच्याकडे पाहिलं, समोरून येणाऱ्या स्कूटरकडे पाहिलं, आणि मानपाडा रोडवर करते तसा पंजा पुढे करून "थांब रे" म्हणत चालू पडली. स्कूटर थांबली. तिच्या मागची मोटार थांबली. सौ.च्या मागून जोडपं, त्यांच्या मागून आणखी दहाबारा पर्यटक, अशी दिंडी पलीकडे पोचली. नंतर ती उगाचच आणखी एक रस्ता ओलांडून आली.

टर्मिनी स्टेशनहून व्हॅटिकनकडे जाणारी चौसष्ट नंबरची बस पाकीटमारीसाठी बदनाम आहे. तिच्यात चढायचं नाही, अशी आम्ही मेव्हण्यांसमोर शपथ घेतली होती. पायांनी ती मोडली. आत प्रत्येकाची बॅग पोटाशी, हात खिशावर, नजर शेजाऱ्यावर. डोंबिवली फास्ट सोसलेल्या माणसाला ही गर्दी म्हणजे हवा खाण्याची जागा. माझ्या शेजारचा गृहस्थ आपली बॅग नेमकी माझ्यापासून लांब धरून उभा आहे, हे लक्षात आल्यावर मात्र जरा लागलं.

आर्जेंतिनाच्या चौकात उतरलो. तिथे खाली खड्ड्यात जुने अवशेष आहेत आणि त्यांत मांजरं वावरतात. इ. स. पू. ४४ मध्ये ज्युलियस सीझरला मारलं ते इथेच. सुएटोनियसने तेवीस जखमा नोंदवल्या आहेत, आणि वार करणारे ओळखीचेच. 'अनोळखी माणसाशी बोलायचं नाही' हा मेव्हण्यांचा दुसरा नियम. तो मी तिथल्या तिथे रद्द केला आणि बाकावरच्या म्हाताऱ्याशी बोलायला लागलो.

त्याचं इंग्रजी माझ्या इटालियनपेक्षा बरं होतं. त्याची मुलगी नोकरीसाठी मुंबईला निघाली होती आणि तो काळजीत होता. पाणी पिता येतं का? रस्ते कसे आहेत? एकट्या मुलीने लोकलमध्ये चढावं का? त्याच्या बायकोच्या भावाने त्याला बरंच काही सांगितलं होतं. तो भाऊ भारतात कधी गेला नव्हता.

खुशाल पाठवा, काही होत नाही, असं सांगायला मी तोंड उघडलं. पण म्हाताऱ्याचे डोळे इतके मोठे झाले होते, आणि तो इतक्या मन लावून ऐकत होता! आयुष्यात माझ्या बोलण्याकडे कुणी असं कान दिलं नव्हतं.

"दादर नावाचं एक स्टेशन आहे," मी बाकावर पुढे सरकत म्हणालो, "तिथे संध्याकाळी चढायचं नाही. चढवतात." त्याने खिशातून पेन काढलं. मग मी २६ जुलै २००५चा पाऊस घेतला. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता, हा आकडा त्याने दोनदा विचारून घेतला. फोर्टातून घरी चालत निघालो तेव्हा पाणी माझ्या कमरेपर्यंत होतं, ते मी छातीपर्यंत नेलं.

"अहो, बस आली," सौ.ने बाही ओढली.

"जाऊ दे गं," मी म्हणालो, "अजून कुत्री राहिलीत."