हे अंशतः खरे आहे

विधिमंडळाच्या प्रश्नोत्तरांच्या यादीत एक स्वतंत्र साहित्यप्रकार वर्षानुवर्षे सुखाने नांदतो आहे. आमदार विचारतो, 'अमुक तमुक झाले, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' खाते उत्तर देते, 'हे अंशतः खरे आहे. कार्यवाही सुरू आहे. प्रश्न उद्भवत नाही.' संपले! प्रश्न छापून आला म्हणून आमदार खूश, उत्तर देऊन झाले म्हणून खाते खूश. जिच्यासाठी हा खटाटोप, ती अंगणवाडी सेविका तेवढी ओट्यावर उभी राहून फोन उंच धरून रेंज शोधत असते.

तिचे दोन प्रश्न सभागृहात नेमाने येतात. एक फोनचा, एक पगाराचा. येतात मात्र वेगवेगळ्या दारांनी. फोन आला की चर्चा निविदेत आणि कोटींत शिरते, बाकांना चेव चढतो. पगार आला की सगळ्यांचा कंठ दाटतो, आणि दाटलेल्या कंठातून आकडा काही बाहेर पडत नाही.

फोनची कथा पाहा. २०१९च्या लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर विधान परिषदेतील तेव्हाचे विरोधी पक्षनेते धनंजय मुंडे यांनी सेविकांसाठीच्या मोबाइल खरेदीत घोटाळा झाल्याचा आरोप केला. स्वस्तातला फोन महाग घेतला, खरेदी शंभर कोटींच्या वरची, असे त्यांचे म्हणणे. तेव्हाच्या महिला व बालविकास मंत्री पंकजा मुंडे यांनी तो फेटाळला. भाऊ-बहिणीचे भांडण, त्यामुळे महाराष्ट्राने चवीने वाचले. फोन कितीला पडला यावर सगळे बोलले. तो चालतो का, हे दोन वर्षांनी सेविकांनाच सांगावे लागले.

ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरच्या सेविकांनी ते फोन प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. दोन जीबी रॅमचा तो जीव. केंद्राचे पोषण ट्रॅकर ॲप उघडले की तापायचा, अडकायचा. माहिती भरायची इंग्रजीत, आणि बिघडला तर दुरुस्ती सेविकेच्या पदरची. तोवर सरकार बदलले होते. आरोप करणारे धनंजय मुंडे आता मंत्री होते (खाते सामाजिक न्याय, महिला व बालविकास नव्हे, हे सांगितले नाही तर अन्याय होईल). पुढे १५ डिसेंबर २०२४ रोजी नागपुरात आरोप करणारे आणि फेटाळणारे अशा दोघांनीही एकाच मंत्रिमंडळाच्या सदस्यत्वाची शपथ घेतली. प्रश्न उद्भवत नाही.

बरे, या भावंडांनाच का धरायचे? २०१९पासून महाराष्ट्रात बाक इतक्यांदा बदलले की बहुतेक पक्षांचा सेविकांचा प्रश्न विचारूनही झाला आणि टोलवूनही झाला. विरोधात असताना आझाद मैदानात जाऊन पाठिंबा, सत्तेत आल्यावर शिष्टमंडळाला दालनात चहा.

आता पगार. तसे म्हणायचीही सोय नाही, कारण १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हापासून सेविका कागदोपत्री मानसेवी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली ही नागरी सेवेतली पदे नाहीत असे म्हटले, तर एप्रिल २०२२ मध्ये यांना ग्रॅच्युइटी कायदा लागू होतो असेही सांगितले. मधल्या काळात, २०१३ साली, ४५व्या भारतीय श्रम परिषदेने यांना कामगार माना, किमान वेतन द्या, अशी शिफारस केली. कार्यवाही सुरू असावी.

केंद्राने मानधनाचा दर शेवटचा वाढवला तो १ ऑक्टोबर २०१८ पासून. सेविकेला ४,५०० रुपये, मदतनीसला २,२५०. महाराष्ट्रात त्यातले ६० टक्के केंद्राचे, म्हणजे सेविकेमागे २,७०० रुपये. सगळ्या पोषण महिन्यांचे, रांगोळ्यांचे, सेल्फींचे आणि शपथांचे मोल यातच आले.

त्याच २०१८ साली वित्त कायद्यात आणखी एक तरतूद झाली. खासदारांचे वेतन दर पाच वर्षांनी महागाई निर्देशांकानुसार आपोआप वाढावे, अशी. कुणाला संप करावा लागला नाही, कुणाला फोन परत करावे लागले नाहीत. मार्च २०२५ मध्ये अधिसूचना निघाली आणि १ लाखाचे १ लाख २४ हजार झाले, तेही एप्रिल २०२३ पासून. सेविकेचे ४,५०० त्या दिवशीही ४,५००च होते. गॅस सिलिंडर दोघांच्या घरी एकाच भावाने येतो, पण एकाला निर्देशांक मिळाला आणि दुसरीला शाबासकी.

आपल्या आमदारांनी तर ऑगस्ट २०१६ मध्ये निर्देशांकाचीही वाट पाहिली नाही. पावसाळी अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी वेतनवाढीचे विधेयक चर्चेविना मंजूर झाले. ७५ हजारांचे दीड लाखाच्या वर गेले. एकही सदस्य 'हे खरे आहे काय' म्हणून उठला नाही. विलंबच नव्हता, कारणे कुठून देणार?

सेविकांना मात्र प्रत्येक रुपयासाठी घर सोडून मैदान गाठावे लागले. फेब्रुवारी २०२३ चा संप झाला, तेव्हा ८,३२५ चे १० हजार. ४ डिसेंबर २०२३ पासून पुन्हा संप, पन्नास दिवसांहून जास्त, मागणी २६ हजारांची. हाती आश्वासन. मग ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभेची आचारसंहिता दारात असताना, सरकारला पान्हा फुटला: १३ हजार, वर कामगिरीनुसार २ हजारांपर्यंत प्रोत्साहन भत्ता. राज्याने केंद्राहून जास्त दिले, हे मान्य. यांचाही निर्देशांक आहे म्हणायचा. तो निवडणूक आयोग जाहीर करतो.

विचारले तर केंद्र म्हणते, राज्ये आपल्या निधीतून जादा देऊ शकतात. राज्य म्हणते, केंद्राकडे पाठपुरावा सुरू आहे. दोघांचेही उत्तर खरे आहे, अंशतः.

दरम्यान ॲप वाढत राहिले. त्याला संप करावा लागत नाही, त्याची सुधारित आवृत्ती आपोआप येते. अंगणवाडी उघडल्याची नोंद, मुलांची हजेरी, फोटो, वजन, उंची, गृहभेट असे सगळे त्यात. १ जुलै २०२५ पासून घरपोच आहारासाठी लाभार्थीचा चेहरा ओळखणे सक्तीचे झाले. म्हणजे बाळंतिणीने आधी आधारची ई-केवायसी करायची, ओटीपी जायचा नवऱ्याच्या फोनवर, आणि नवरा ऊसतोडीला गेलेला. मेळघाटात किंवा अक्कलकुव्याच्या डोंगरात रेंज नसते, तिथे चेहरा असून उपयोग काय? पाकीट मिळाले नाही की शिव्या सेविकेला. ॲपला शिवी देऊन आले असे आजवर कुणी सांगितलेले नाही.

त्यात २०२४ साली लाडकी बहीण योजना आली. अर्ज भरा, पात्र अर्जामागे ५० रुपये घ्या, असा शासन निर्णय निघाला. अर्ज झटपट भरले गेले, बहिणींचे हप्ते निवडणुकीआधी पोहोचलेही. भरणाऱ्या बहिणींचे पन्नास-पन्नास रुपये रखडल्याच्या तक्रारी संघटना पुढे करतच राहिल्या.

सरकारी डिजिटल योजना कागदावर स्वस्त दिसते ती यामुळे. सर्व्हर, सॉफ्टवेअर, फोन, रिचार्ज, दिल्लीतला झगमगता डॅशबोर्ड, सगळ्याला लेखाशीर्ष आहे. त्या डॅशबोर्डात रोज माहिती ओतणाऱ्या बाईच्या तासांना नाही. तिच्यासाठी केंद्राकडे ५०० रुपयांचा मासिक प्रोत्साहन भत्ता आहे, तोही ॲप नीट वापरले तर. राज्यात लाखावर अंगणवाड्या आहेत. तिथला हा फुकटचा वेळ बाजारभावाने मोजला तर २०१९चे ते शंभर कोटी सुट्ट्या पैशांत जमा होतील. आणि हा घोटाळा नसल्यामुळे त्यावर कुणी पत्रकार परिषद घेत नाही.

फोनचा प्रश्न विचारणाऱ्या आमदाराने पगाराचा वेगळा विचारू नये, असे माझे म्हणणे आहे. दोन्ही एकाच प्रश्नात कोंबावेत. मसुदा तयार आहे, मोफत घ्यावा:

'राज्यातील अंगणवाड्यांसाठीच्या ॲप, फोन व रिचार्ज यांवर गेल्या पाच वर्षांत किती खर्च झाला. ही माहिती भरण्यास सेविकेला रोज किती तास लागतात याची मोजणी शासनाने कधी केली. त्या तासांपोटी किती रक्कम दिली. आणि खासदारांच्या वेतनाला लागू असलेला महागाई निर्देशांक सेविकांना कोणत्या तारखेपासून लागू होईल?'

वाचकांपैकी ज्यांच्या फोनमध्ये आपल्या आमदाराचा नंबर आहे, त्यांनी हा मजकूर त्याला आजच पाठवावा. पुरवणी प्रश्नाला उभे राहिल्यावर तारीख मिळेपर्यंत खाली बसायचे नाही, हेही सोबत लिहावे.