वाचनकट्टा, फुकट आवृत्ती

तरुण लेखकांनी ऑनलाइन वाचनकट्टा काढायचा म्हटलं की पहिला वाद पुस्तकावरून होत नाही, व्हॉट्सॲप ग्रुपच्या डीपीवरून होतो. मग नावावरून. नाव ठरेपर्यंत निम्म्यांनी ग्रुप म्यूट केलेला असतो आणि उरलेले निम्मे ॲडमिन झालेले असतात.

पहिलं पुस्तक बहुधा 'कोसला'च. 1963 सालची, भालचंद्र नेमाड्यांनी पंचविशीत लिहिलेली कादंबरी. आपली पंचविशी सरत आली, ही बोच प्रत्येकाला असतेच. कुणीतरी दबकत विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' सुचवतो. 1939 सालची छोटेखानी कादंबरी, दोन बैठकांत संपणारी. म्हणूनच ती नाकारली जाते. खरोखर वाचावी लागायची!

झूमच्या फुकट बैठकीला 40 मिनिटं मिळतात. त्यातली बरीचशी 'आवाज येतोय का?' यात जातात. मग एकजण आपल्या आगामी कादंबरीची पार्श्वभूमी सांगतो. 'कोसला'चा नायक पांडुरंग सांगवीकर कुणी कितपत वाचलाय कोण जाणे, पण तो आपल्यासारखाच आहे यावर एकमत. (लेखकाने दुसऱ्याचंही वाचावं, ही अपेक्षा तशी आगाऊच.)

शेवटी एक मुलगी पान क्रमांकासह शंका विचारते. क्षणभर सगळे माइक बंद.

"तू काय लिहितेस?"

"काही नाही. वाचते."

तेवढ्यात मिनिटं संपतात. पुढच्या वेळचं सूत्रसंचालन तिच्या गळ्यात पडतं. पुस्तक ठरतं नेमाड्यांचंच 'हिंदू', 2010 सालचं, चांगलं जाडजूड. वाचून झालं का, असं त्याबद्दल कुणी कुणाला विचारत नाही.