इंटरव्हलराव

इंटरव्हलरावांना कुठलीही गोष्ट पहिल्यापासून सांगवत नाही. शेजारचं बारसं असो, दहावा असो, नाहीतर नगर रोडवरचा अपघात असो, ते थेट मध्यावर उतरतात. "...तर तोवर त्याचा चुलता मटकन खाली बसला होता," ही झाली सुरुवात. कोण तो, कुणाचा चुलता, खाली का बसला, हे चहा संपेपर्यंत कळत नाही; आणि कळतं तोवर आपला जीव त्या चुलत्यात अडकलेला असतो. त्यामुळे शिरूरच्या बाजारपेठेत त्यांना इंटरव्हलराव म्हणतात. खरं नाव पतसंस्थेच्या हजेरीपत्रकात आणि गॅसच्या पुस्तकावर तेवढं शिल्लक आहे.

पूर्वी तालुक्याच्या प्रत्येक गावात एखादा नाटकवेडा असायचा. गणपतीत दाढी लावायचा आणि वर्षभर ती उतरवायचा नाही. आता त्याच्या जागी सिनेमाची भाषा कळणारा माणूस आलाय. तो सिनेमा पाहत नाही, उलगडून दाखवतो. त्याच्या शेजारी बसून तुम्हालाही पाहता येत नाही, कारण रिमोट त्याच्याकडे असतो.

इंटरव्हलरावांचं पोट वसुलीवर. सकाळी शिरूरहून गाडीला किक मारायची, न्हावरा, केडगाव-चौफुला, पाटस करत दौंड. शेवटचा थकबाकीदार नेहमी दौंडचाच निघतो, कारण सासुरवाडी तिथं आहे आणि सासूबाईंच्या हाताला चव आहे.

सिनेमाचा नाद मात्र पुण्यातून आला. बहिणीनं दिलेली बाजरीची भाकरी आणि ठेचा भाच्याच्या खोलीवर पोचवायला गेले, तर चार पोरं लॅपटॉपला चिकटलेली. पडद्यावर काळा सूट घातलेली दोन माणसं गाडीतलं रक्त पुसत होती. हे बसले. थोड्या वेळानं एका हॉटेलात दरोडा पडला, ती दोन माणसं चड्डी-बनियनवर बाहेर पडली आणि सिनेमा संपला. भाच्यानं मामासाठी तो पुन्हा पहिल्यापासून लावला. मामांनी रक्त पुसण्याच्या आधीपर्यंत पाहिला, "पुढचं बघितलंय" म्हणाले आणि भाकरीचा रिकामा डबा घेऊन उठले. आवडला नव्हता. दोन वसुलीवाले, एक बॉक्सर, एक बाई. वसुलीवाल्यांपैकी एक शेवटी मरतो. त्यात काय?

सिनेमा होता क्वेंटिन टॅरँटिनोचा १९९४चा 'पल्प फिक्शन'. कान महोत्सवातलं सर्वोच्च पारितोषिक आणि पटकथेचं ऑस्कर मिळवलेला. त्यातल्या घटना मुद्दाम मागंपुढं लावल्यात. शेवटचा तुकडा आधी आणि आधीचे नंतर पाहिल्यामुळं मामांनी तो चुकून जवळजवळ घडला तसाच, सरळ पाहिला होता. हे भाच्यानं फोनवर समजावलं. "मामा, विन्सेंट मध्येच मरतो. आणि शेवटच्या सीनला तो जिवंत आहे, चालत दाराबाहेर जातो."

मामा फोन धरून बसून राहिले. "म्हंजे प्रेक्षकाला म्हाईत असतं हा मरणारे, अन् त्याला म्हाईत नसतं?"

"हो."

"अन् तो हसत बाहेर जातो?"

त्या रात्री झोप लागली नाही. तेव्हापासून वसुलीच्या पिशवीत पावतीपुस्तकाशेजारी पेनड्राइव्ह असतो.

त्यांची समीक्षा ऐकण्यासारखी असते, हे मी उपरोधानं म्हणत नाही. पुण्यात या सिनेमावर बोलणारे विद्वान मी ऐकलेत. ते पहिल्या दहा मिनिटांत तीन फ्रेंच नावं घेतात आणि नंतर पाणी मागतात. इंटरव्हलराव खात्याच्या बाजूनं शिरतात. "ही दोघं कोण? वसुली अधिकारी. मालकाची ब्यॅग आणायला निघालेत. आता मला सांगा, वसुलीला जाताना आम्ही काय बोलतो? कर्जाबद्दल बोलतो का? गाडीवर मागं बसलेला शिपाई न्हावऱ्यापर्यंत मिसळीबद्दल बोलतो. हे दोघं पॅरिसमध्ये बर्गरला काय म्हणतात त्यावर बोलत्यात. दाराशी पोचले, तर वेळ व्हायचीय म्हणून बाजूला जाऊन वाद पुरा करत्यात. मग दार वाजवलं. इतकी खरी वसुली मी कुठल्याच सिनेमात बघितली न्हाई."

त्या बॅगेवर तर त्यांचं स्वतंत्र व्याख्यान आहे. बॅग उघडली की बघणाऱ्याच्या तोंडावर सोनेरी उजेड पडतो, आत काय ते शेवटपर्यंत कळत नाही. "तारण दाखवलंच न्हाई! एकशे चोपन्न मिनिटं विनातारण चालवलाय धंदा, अन् एक माणूस उठून विचारत न्हाई. आमच्या संस्थेत सात-बारा, दोन जामीनदार, वर चेकबुक. तरी बुडतंय."

टॅरँटिनोचा त्याआधीचा 'रेझर्व्हॉयर डॉग्ज' (१९९२) त्यांना याच कारणासाठी प्रिय. हिऱ्यांच्या दरोड्यावरचा सिनेमा आणि दरोडाच दाखवलेला नाही; आधीची न्याहारी आहे, नंतरचं रक्त आहे. "मधलं आपण भरायचं," असं म्हणून ते आपल्याकडे अशा नजरेनं बघतात, की हप्ता आपणच भरायचा राहिलाय असं वाटावं.

घटनांची उलटापालट समजावताना ते दौंडला नेतात. दौंड जंक्शन पाहिलेल्याला हे लगेच पटतं. पुण्याहून मनमाडकडे जाणारी गाडी दौंडात शिरली की इंजिन सुटायचं, वळसा घालून शेपटाला लागायचं आणि मघाचा शेवटचा डबा पहिला व्हायचा. झेलममध्ये पुढं तोंड करून बसलेला फौजी नगरपर्यंत पाठीकडे जायचा. "रूळ तेच, डबे तेच, माणसं तीच. फक्त तोंड फिरवलं. टॅरँटिनोनं याउप्पर काय केलंय?" आता कॉर्ड लाइन झाल्यापासून बऱ्याच गाड्या इंजिन न फिरवता बाहेरच्या बाहेर नगरकडे निघून जातात. वेळ वाचतो, असं रेल्वे म्हणते. इंटरव्हलरावांच्या मते रेल्वेला कथानकातलं काही कळत नाही.

उत्तर-आधुनिक म्हणजे काय, असं एकदा एका प्राध्यापकांनी त्यांना खिजवायला विचारलं. इंटरव्हलराव म्हणाले, "सिनेमाला म्हाईत असतं की तो सिनेमाय, अन् तुम्हाला म्हाईत असतं की त्याला म्हाईताय." मग उदाहरण. ट्रॅव्होल्टा १९७७ साली 'सॅटरडे नाइट फीव्हर'मध्ये नाचला आणि जगभरची पोरं नाचायला लागली. टॅरँटिनोनं त्याला पोट सुटल्यावर पुन्हा नाचवलं. नाचतो तो विन्सेंट, आपण बघतो ट्रॅव्होल्टा. आणि हेच पुण्यात कुणी केलं? श्रीराम राघवननं, 'अंधाधुन'मध्ये, २०१८ साली. जुन्या काळचा हिरो म्हणून अनिल धवनलाच घेतला, आणि घरात बसून तो स्वतःचीच जुनी गाणी बघतो. "त्याचा खून झाल्यावर आपल्याला कोण गेल्याचं वाईट वाटतं? त्या पात्राचं का आपल्या चित्रहारचं?" प्राध्यापकांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं. पुढं ते कुठं तरी त्यांच्या नावानं छापून आलं असेल.

'अंधाधुन' पुण्यात घडतो म्हणून त्यावर त्यांचा गावकीचा हक्क. सुरुवातीला कोबीच्या वावरात एक माणूस बंदूक घेऊन सशामागं लागलाय, ससा एका डोळ्यानं अधू. इथं ते हमखास पॉज करतात. आधी कोबीची गड्डी किती दिवसांची असेल, त्यावर बोलणं. मग कोबीचा त्या हंगामातला भाव. मग शिरूरच्या उसात सशामागं कोणी का धावत नाही, आणि तिथं सशाऐवजी काय बसलेलं असतं. इतकं झाल्यावर मुद्द्याला हात. हा ससा शेवटी परत येतो, पण तो खरंच होता का? सगळी हकिगत एकटा नायक परदेशात बसून पोरीला सांगतोय. साक्षीदार नाही, पावती नाही. गोष्ट संपते, तो काठी टेकत निघतो आणि वाटेतला डबा बरोब्बर उडवतो. "थकबाकीदार!" इंटरव्हलराव मांडीवर थाप मारतात. "असंच सांगत्यात. गहिवरून सांगत्यात, अन् आपण वळलो की डबा उडवत्यात."

त्यांचा सगळ्यात पक्का सिद्धांत जत्रेतल्या तमाशातून आलाय. आधी गण, मग गवळण, मग बतावणी, मग वग. वगात राजाच्या जिवावर उठलेले लोक तलवारी उपसून उभे, आणि दारात सोंगाड्या शिपायाशी मिशीवरून हुज्जत घालतोय. लोक पहाटेपर्यंत राजासाठी जागत नाहीत, त्या हुज्जतीसाठी जागतात. टॅरँटिनोच्या गुंडांच्या गप्पा ही बतावणीच. आपले फडवाले कुणाचं काही न वाचता हे करत आलेत. मला हे पटतं. फक्त ते हे चौफुल्याच्या चौकात, हायवेच्या कडेला, हेल्मेट डोक्यावर ठेवून सांगतात, त्यामुळे निम्मं ऐकू येत नाही.

एका विषयावर मात्र हा माणूस हसत नाही. १९७६-७७च्या दरम्यान पुण्यात दहा खून झाले. जोशी-अभ्यंकर प्रकरण. संध्याकाळ झाली की शहर दारं लावून बसायचं. चार जणांना १९८३च्या नोव्हेंबरात येरवड्याला फाशी झाली. त्यावर राजदत्तांचा 'माफीचा साक्षीदार' आला १९८६मध्ये, नाना पाटेकरचा. पुढं अनुराग कश्यपनं त्याच घटनेवरून सुचलेला 'पाँच' केला. तो वर्षानुवर्षं थिएटरला लागला नाही, तरी पेनड्राइव्हवरून गावोगाव पोचला. भाच्यानं विचारलं, मामा, शैली कुणाची भारी? इंटरव्हलराव म्हणाले, "विन्सेंट मेल्यावर उठून गेला, चालतं. ते मुळात कुणी नव्हतंच. इथं कोणी उठून जात न्हाई." आणि पॉज न करता टीव्ही बंद केला. असं त्यांनी एरवी कधी केल्याचं घरात कुणाला आठवत नाही.

शैलीचा अभ्यास ते प्रात्यक्षिकासह करतात. टॅरँटिनो गाडीच्या डिकीत कॅमेरा ठेवतो, झाकण उघडून माणसं खाली वाकून बघतात. इंटरव्हलरावांच्या मोटरसायकलला डिकी नाही. त्यांनी पिठाच्या डब्यात मोबाईल उभा केला आणि झाकण लावून ओट्यापाशी वाट बघत बसले. तो शॉट अजून त्यांच्याकडे आहे. आधी अंधार, मग पत्र्याचा आवाज, मग उजेड आणि वहिनींचा चेहरा दोन सेकंद. नंतर एक हात मोठा होत येतो. नंतर नुसतं पीठ.

या सगळ्याचा वसुलीवर परिणाम व्हायचा तो झालाच. न्हावऱ्याकडचा एक थकबाकीदार हुशार. हे दारात दिसताच त्यानं सुरुवात केली, "...अन् डॉक्टर म्हणला, आता हिला गाडीत घालू नका." इंटरव्हलराव बसले. तासाभरानं उलगडलं की 'ही' म्हणजे म्हैस, डॉक्टर ढोरांचा, आणि कर्ज तर पिठाच्या गिरणीचं होतं. इंटरव्हलरावांनी वसुली रजिस्टरात शेरा मारला : 'सुरुवात उत्तम, शेवट ढिला. एक महिना मुदत.' मॅनेजरनं रजिस्टर समोर धरून विचारलं, हे काय? तेव्हा ते म्हणाले, "साहेब, शेवट सुधारायला वेळ नको का द्यायला?"

आणि मग गेल्या उन्हाळ्यात त्यांच्याच विहिरीवरची केबल चोरीला गेली. आमच्याकडे मोटारी, केबली, डीपीतलं तांबं जाणं नवं नाही. नवं होतं ते फिर्यादी इंटरव्हलराव असणं. वहिनी आणि मी सोबत गेलो. हवालदारानं कागद ओढला, पेनाचं टोपण काढलं.

"हां, सांगा."

"...तर कुत्रं भुंकायचं थांबलं होतं," इंटरव्हलरावांनी सुरुवात केली.

"कवा?"

"ते नंतर येईल."

हवालदारानं टोपण लावलं. शांत माणूस होता. "आण्णा, पयल्यापासनं सांगा. किती वाजता गेला, काय दिसलं, काय गेलं."

"तसं सांगितलं तर त्यात काय राहिलं? तुम्ही चोराच्या बाजूनं बघा. तो वावरात शिरलाय. त्याला म्हाईत न्हाई की आम्ही त्याच दिवशी दौंडला मुक्कामी गेलोय. पण तुम्हाला म्हाईताय. हितं ताण आहे."

"केबल किती मीटर? तीन कोरची का चार? मोटार किती एचपी?"

"हवालदारसाहेब," इंटरव्हलराव पुढं झुकले, आवाज खाली आणला, "केबल महत्त्वाची न्हाई. केबल दाखवायचीच न्हाई."

"मग मी पंचनामा कशाचा करू?"

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा राहिला. मग वहिनींनी पदर खोचला. "लिहा ओ भाऊ. शुक्रवारी दुपारी दौंडला गेलो. शनिवारी सकाळी आलो तर केबल नव्हती. तीन कोर, साठ मीटर, गेल्या दिवाळीत घेतलेली, पावती ही." पावती टेबलावर. हवालदारानं दोन मिनिटांत लिहून सही घेतली.

बाहेर पडल्यावर इंटरव्हलराव बराच वेळ गाडीला किक न मारता उभे होते. "बांधणी पक्की होती तुझी," ते वहिनींना म्हणाले. "फक्त शैली न्हाई."

"शैली राहू द्या," वहिनी मागं बसत म्हणाल्या, "एटीएमवर थांबवा. केबलला पैसे काढायचेत."