दाजींची चीनस्वारी

कोलकात्यात चिनी वस्त्या दोन. जुनी लालबाजारजवळची टिरेट्टा बाजार आणि नंतरची टांगरा. दोन्ही एका दिवसात उरकायच्या, असा हुकूम दाजींनी आदल्या रात्रीच सोडला होता. दाजी म्हणजे आमच्या थोरल्या ताईचे यजमान. सहकारी साखर कारखान्यात हिशेबनीस म्हणून निवृत्त झालेले. चीनशी त्यांचा संबंध एसटी स्टँडसमोरच्या चायनीजच्या लाल गाडीपुरता, पण त्या विषयात अधिकार मोठा.

टिरेट्टा बाजारातला चिनी नाश्ता भल्या पहाटे मांडतात आणि आठच्या सुमाराला आवरतात. त्यामुळे दाजींना बिनअंघोळीचं निघावं लागलं. ही रक्कम त्यांनी चीनच्या नावे टाकली.

पोद्दार कोर्टाजवळच्या फुटपाथवर अल्युमिनियमची उकडपात्रं एकावर एक रचलेली होती. झाकण निघालं की वाफेत समोरची आजी गडप व्हायची आणि वाफ विरली की आधी तिचा चिमटा दिसायचा, मग ती. चिमट्यात पांढराशुभ्र, टम्म बाओ.

"शेजवान चटणी कुठाय?" दाजींनी विचारलं.

"आगे खेये देखून, दादा," आजी खणखणीत बंगालीत म्हणाली. चिनी चेहऱ्यातून निघालेलं ते बंगाली ऐकून दाजी मुकाट्याने खायला लागले.

ताई शाकाहारी. "यात काय?" "पोर्क." "त्यात?" "पोर्क." "आणि त्या सूपमध्ये?" "फिश!" ही मात्र सवलत जाहीर केल्याच्या सुरात. शेवटी तीळ लावून तळलेले गोड गोळे निघाले. ताईने ते अनारशाच्या चुलत घराण्यात जमा केले आणि दोन जास्तीचे बांधून घेतले.

मग मी इतिहास काढला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तोंग अच्यू नावाचा चिनी माणूस इथे आला. वॉरन हेस्टिंग्जच्या कारकिर्दीत त्याला बजबजजवळ हुगळीकाठी जमीन मिळाली. त्याच्या नावावरून त्या गावाला आजही अचिपूर म्हणतात. तिथे त्याने ऊस लावला आणि साखर कारखाना काढला.

दाजींचा घास थांबला. "उतारा किती पडायचा?"

मी पुढे सरकलो. कोलकात्यातले दुसरे चिनी आपले कामगार फितवून नेतात, अशी तक्रार अच्यूने कंपनी सरकारकडे केली होती.

"टोळ्यांची पळवापळवी!" दाजी फुटपाथवरच ओरडले. "मुकादमाला उचल दिली असणार. मग पुढे काय झालं?"

"अच्यू गेला आणि मागे कारखाना फार दिवस चालला नाही."

"चालणार कसा?" दाजींनी सुस्कारा सोडला. घरातलंच कुणी गेल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

पुढे हाक्का लोकांनी चामडं आणि बुटांचा धंदा धरला, कँटनकडच्यांनी सुतारकाम आणि हुपेकडच्यांनी दातांचे दवाखाने. १९६२च्या युद्धानंतर यांतल्या अनेकांना संशयावरून उचलून राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबलं. काही तिथे कित्येक वर्षं राहिले. सुटून आलेल्यांतले कितीतरी पुढे कॅनडाला गेले. हे ऐकताना दाजींनी उतारा विचारला नाही.

दुपारी टांगरा. चामड्याचे कारखाने न्यायालयाच्या आदेशानंतर बानतल्याला हलले. पण हॉटेलं इथेच राहिली. दाजींनी मेन्यूत मंचुरियन शोधलं आणि विजयी मुद्रेने बोट ठेवलं, "हे बघ, अस्सल!"

मी सांगितलं, कोलकात्यातच जन्मलेल्या नेल्सन वांग यांनी ते १९७५च्या सुमारास मुंबईत, क्रिकेट क्लब ऑफ इंडियात बनवलं, असं मानतात.

"म्हणजे चर्चगेटचं?" दाजींनी मेन्यू मिटला. "मग इथे कशाला खायचं? परतताना खाऊ."

शेवटी चिनी काली मंदिर. देवी बंगाली, पुजारी बंगाली, उदबत्त्या मात्र चिनी, लांबच लांब. इथे कालीला नूडल्सचा नैवेद्य दाखवतात. हे कळल्यावर ताईने पदर सावरून हात जोडले, "देवीचं आहे, नाही म्हणू नये." दाजीही वाकले. बराच वेळ पुटपुटले आणि सरळ होताच माझ्या कानाला लागले, "अरे, देवीला तरी शेजवान देतात का?"