नानांचा पंचनामा

पुढ्यात चहा सांडला असता फडके न मागता कप प्रथम कोणत्या अंगाला कलला याची चौकशी आरंभणारे जे गृहस्थ असतात, ते आपल्या परिचयाचे आहेतच. आमच्या गल्लीत त्यांना नाना म्हणतात. परवा आमच्याकडे तुपाची बरणी पाझरली आणि सौभाग्यवतीने ती पुसावयास घेतली, तोच नानांनी उंबरठ्यातूनच ‘हात लावू नका!’ अशी गर्जना केली, बरणीखाली वर्तमानपत्राचा कागद सरकवला, कानावरची पेन्सिल काढून पडलेल्या डागाभोवती वर्तुळ रेखले, त्यात वेळ घातली, आणि एक थेंब अंगठा व तर्जनी यांमध्ये चोळून, नाकाशी नेऊन, नेत्र मिटून निकाल दिला, “हे इथलं नव्हे.” बरणीतले तूप बरणीतले नव्हे तर कोठले, हे विचारण्याचे धैर्य आमच्या घरात कोणासही झाले नाही.

नानांची हयात एस.टी.च्या आगारात गाड्यांखाली उताणे पडून गेली, त्यामुळे जगाकडे खालून वर पाहण्याची जी सवय त्यांना जडली ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. थेंब जेथे पडतो तेथे गुन्हा घडलेला नसतो, हा त्यांचा सिद्धान्त. तो चुकीचा असता तर मी हे व्यक्तिचित्र अधिक आनंदाने लिहिले असते. परंतु माझे मेहुणे आप्पासाहेब यांच्या ट्रकने ती सोय ठेवली नाही.

हा ट्रक ‘ताऱ्याचा’ आहे. टेल्कोने १९५४ साली डाइम्लर-बेंझशी सहकार्याचा करार केला आणि पंधरा वर्षांनी तो संपला, त्या दरम्यानच्या गाड्यांच्या तोंडावर तीन टोकांचा तारा असे. आप्पासाहेब हा तारा रोज खोबरेल लावून पुसतात, गाडीच्या उर्वरित भागाकडे मात्र ईश्वराने लक्ष द्यावे अशी त्यांची श्रद्धा. कोल्हापुराहून आंबा घाटाने रत्नागिरीस गूळ उतरवावा आणि येताना जांभ्या दगडाचे चिरे भरून तोच घाट चढावा, हा या वाहनाचा नित्यक्रम. आणि गिअरबॉक्समधून तेल गाळणे हा त्याचा नैमित्तिक आचार. एका मिस्त्रीने मागचे ऑइल सील बदलले. दुसऱ्याने अख्खा गिअरबॉक्स उतरवून पुढचे सील बदलले, कारण तेथून गळलेले तेल क्लचच्या प्लेटीवर गेले तर चढावर इंजिन नुसते ओरडते व गाडी जागची हलत नाही. तिसऱ्याने वरच्या झाकणाचे गॅस्केट नवे घातले. प्रत्येकाची दुरुस्ती एक खेप टिकली आणि प्रत्येकाने मागल्या मिस्त्रीच्या कर्तबगारीविषयी मनमोकळे मत दिले.

अखेर फिर्याद नानांच्या दरबारी दाखल झाली. “आधी आंघोळ, मग चौकशी,” असे फर्मावून त्यांनी गिअरबॉक्सचा सारा देह डिझेलने धुऊन काढला. कारण कित्येक वर्षांच्या तेलकट चिखलावर ताजा ओघळ ओळखणे ब्रह्मदेवासही अशक्य. चिंध्यांनी कोरडा केल्यावर वर खडूची पूड उडवली, म्हणजे तेलाची वाट आपली आपण उमटते. मग खाली रद्दी अंथरली, प्रत्येक डागास वर्तुळ व वेळ बहाल केली, आणि अंगठा व तर्जनी नाकाशी गेली. “काळं नाही, म्हणजे इंजिनचं नव्हे. ब्रेकचं तेल असतं तर रंग खाल्ला असता. मधासारखा रंग, लसणीसारखा उग्र वास. हे नव्वद नंबर. गिअरचंच.” आप्पासाहेबांनी आशेने मागच्या सीलकडे बोट दाखवताच नाना म्हणाले, “हे इथलं नव्हे.” धावत्या गाडीत वारा तेलास मागे लोटतो, वजन त्यास खाली ओढते, म्हणून सर्वांत वरचा आणि सर्वांत पुढचा ओला बिंदू शोधावा, बाकीचा सगळा केवळ मुद्देमाल, असे प्रवचन आम्ही उन्हात उभे राहून ऐकले.

तरीही निकाल राखून ठेवला गेला, कारण त्यानंतर उभ्या गाडीखाली घातलेला नवा कागद रात्रभर कोराच राहिला. “चढ चढून आल्यावर गळते काय?” असा एकच प्रश्न नानांनी केला आणि होकार मिळताच वयाचा विचार न करता ते ड्रायव्हरशेजारी चढून बसले. रत्नागिरीहून परतताना घाटात त्यांनी पाच वेळा गाडी थांबवून खाली प्रवेश केला आणि पाचव्या वेळी गिअरबॉक्सच्या माथ्यावरची अंगुस्तानाएवढी टोपी काढून ते बाहेर आले. तो ब्रीदर. चढावर गिअरबॉक्स तापला की आतली हवा फुगते आणि तिने या टोपीच्या छिद्रातून बाहेर पडावे अशी योजना असते. पण चिऱ्यांची तांबडी धूळ तेलात कालवून त्या छिद्रात अशी बसली होती, की कोंडलेली हवा सीलच्या ओठातून तेलच बाहेर ढकलत होती. सील जुने असो वा त्याच दिवशी बसवलेले असो, त्यास इलाज नव्हता. नानांनी टोपी रॉकेलमध्ये बुडवली, फुंकर मारून पाहिली आणि परत बसवली. गळती थांबली. खर्च काही नाही. तिन्ही मिस्त्रींच्या बिलांची बेरीज आप्पासाहेब अद्याप कोणास सांगत नाहीत.

यावरून नाना व्यवहारी पुरुष आहेत असे समजण्याचे कारण नाही. त्यांच्या स्वयंपाकघरात चार पावसाळे पाणी गळत आहे. चुलीच्या बाजूस पातेले, पातेल्याखाली रद्दी, रद्दीवर वर्तुळे. फुटके कौल नानींना खालून स्पष्ट दिसते, परंतु पाणी तेथले नव्हे.

गेल्या आश्विनात नानांना ताप आला. तापातून उठले ते वास हरवूनच. महिन्याभराने ट्रकखाली पुन्हा एक डाग दिसला म्हणून आप्पासाहेबांनी बोलावले. नानांनी वर्तुळ काढले, थेंब चोळला, नाकाशी नेला, नेत्र मिटले. आणि निकाल येईना. बऱ्याच वेळाने तो तेलकट अंगठा त्यांनी माझ्या नाकापुढे धरला. “मास्तर, बघा बरं, लसणीसारखा येतो काय?”

येत होता. तसे मी सांगितले. ते उगीच थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिले, मग मीच म्हणालो, “नाना, हे इथलं नव्हे.” “नव्हेच!” असे म्हणून ते लगबगीने गाडीखाली शिरले.

आज सकाळी माझ्या स्कूटरखाली डाग आढळला. मी कागद सरकवला आहे, पेन्सिलीने वर्तुळ काढून सहा वाजून दहा मिनिटे अशी वेळ घातली आहे, आणि सौभाग्यवतीस फडके लावू दिलेले नाही. नाना देवळातून आठास परततात.