डिसेंबर ते मार्च: बिनपेट्रोलची शर्यत

डिसेंबरात अबुधाबीची शेवटची शर्यत आटोपली की फॉर्म्युला वनचा शौकीन मार्चपर्यंत बेरोजगार होतो. वाशीमचा शौकीन जरा अधिकच. लंडनच्या माणसाला निदान सिल्व्हरस्टोनला जाऊन बंद फाटक तरी पाहता येतं. वाशीमकराच्या वाट्याला आलेला देशातला एकमेव फॉर्म्युला वनचा ट्रॅक ग्रेटर नोएडात आहे आणि तिथे या गाड्या शेवटच्या धावल्या त्या २७ ऑक्टोबर २०१३ रोजी. पाटणी चौकातल्या टपरीवर आज जी पोरं टायरच्या रबरावरून एकमेकांची गचांडी धरतात, ती त्या दिवशी पाटीवर ‘अ’ गिरवत होती.

पण शौक तो शौक. गाड्या नाहीत तर गाड्यांचे फोटो तरी आहेत. थंडी पडली की चहासोबत मोबाइल निघतात आणि जुन्या गाड्या हातोहात फिरू लागतात. या देवाणघेवाणीचा दंडक साधा आहे: गाडी जितकी जुनी तितका तिचा मान मोठा, आणि ज्याने ती जन्मात पाहिली नाही त्याचं प्रेम सगळ्यांत जास्त.

मानाचं पान अर्थातच टिरेल पी-३४ चं. पुढे चार आणि मागे दोन अशी सहा चाकं. डेरेक गार्डनर या अभियंत्याचा हिशेब असा, की पुढची चाकं दहा इंची, बुटकी केली तर ती गाडीच्या नाकाआड लपतात आणि वाऱ्याचा अडथळा कमी होतो. बुटक्या चाकांनी पकड कमी पडते, तर दोनाऐवजी चार लावा. १९७६ च्या जूनमध्ये स्वीडनच्या अँडरस्टॉर्पला या गाडीने पहिला आणि दुसरा असे दोन्ही नंबर घेतले. जोडी शेक्टर पहिला, पॅट्रिक डेपाये दुसरा. तो विजय पहिला आणि शेवटचाही. इतरांची मोठी चाकं सुधारत गेली, या बुटक्या टायरवर मात्र गुडइयरने फार डोकं घातलं नाही. १९८३ पासून तर नियमच आला की चाकं चार, एक जास्त नाही.

टपरीच्या दुसऱ्या बाकावर शंकरपटाचा, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचा, शौकीन बसलेला असतो. त्याने या सगळ्यातलं एकच ऐकलेलं असतं.

“जोडी पयली आली म्हनता? कोन्या गावची?”

“भाऊ, जोडी त्याचं नाव हाये. माणूस हाये तो. दक्षिण आफ्रिकेचा.”

“मंग बैल कोनाचे?”

इथे चर्चा पाच मिनिटं तहकूब होते. मग दुसरा फोटो निघतो: १९७८, पुन्हा अँडरस्टॉर्प, ब्रॅबम बीटी-४६बी. गॉर्डन मरे यांनी या गाडीच्या पाठीमागे भलामोठा पंखा बसवला होता. सांगायचं कारण इंजिन थंड ठेवणं. खरं काम गाडीखालची हवा उपसून तिला रस्त्याला चिकटवून धरणं. निकी लाउडा चौतीस सेकंदांहून जास्त फरकाने जिंकला, बाकीच्या संघांनी बोंब ठोकली आणि ही गाडी पुन्हा कधी शर्यतीत दिसली नाही. वाशीममध्ये हा फोटो विशेष लाडका आहे. एप्रिल-मेच्या उन्हात ज्याच्या खिडकीला पत्र्याचा कूलर गुरगुरत असतो, त्याला पाठीमागे पंखा लावण्याचं शास्त्र शिकवावं लागत नाही. वाशीमचा कूलर वीज गेल्यामुळे बंद पडतो, ब्रॅबमचा बाकीचे मालक रुसल्यामुळे बंद पडला, एवढाच काय तो फरक.

या प्रेमात एक गोम आहे. हिवाळ्यात ज्या गाड्यांना हार घातले जातात, त्यांतल्या बऱ्याचशा आपल्या काळात आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या होत्या. विल्यम्सच्या एफडब्ल्यू-१४बीने १९९२ मध्ये नायजेल मॅन्सेलला जगज्जेता केलं, तेव्हा ‘गाडी चालवतो कोण, माणूस की संगणक’ यावर वाद पेटला आणि १९९४ पासून तिच्यातली बरीच इलेक्ट्रॉनिक जादू नियमबाह्य ठरली. मॅक्लारेनच्या एमपी४/४ ने १९८८ मध्ये सोळापैकी पंधरा शर्यती जिंकल्या. टपरीच्या मते ते सुवर्णयुग. २०२३ मध्ये रेड बुलने बावीसपैकी एकवीस जिंकल्या. टपरीच्या मते ते वर्ष इतकं रटाळ की रविवारी संध्याकाळी लोक सासुरवाडीला जायला तयार झाले. दोन्ही वर्षी निसटलेली एकुलती एक शर्यत फेरारीनेच नेली, १९८८ ला मोंझात आणि २०२३ ला सिंगापुरात. पण मोंझाची आठवण निघाली की डोळे पाणावतात, सिंगापूरची निघाली की जांभई येते. गाडीला ऐतिहासिक व्हायला इंजिन लागत नाही, पस्तीस वर्षं लागतात.

भारताच्या वाट्याचा इतिहासही या मेळाव्यात येतो, जरा कातरून. नारायण कार्तिकेयनची पिवळी जॉर्डन निघते आणि कुणीतरी छाती फुगवून सांगतं, २००५, इंडियानापोलिस, चौथा नंबर, भारताचे पहिले गुण. त्या दिवशी मिशेलिनचे टायर असलेल्या सगळ्या गाड्या सुरुवातीआधीच पिटमध्ये परतल्या होत्या आणि शर्यतीत धावल्या फक्त सहा, हा तपशील चहाबरोबर गिळला जातो. कार्तिकेयनचा त्यात काय दोष? त्याने हजेरी लावली आणि गाडी नेटाने शेवटपर्यंत नेली. सरकारी खात्यात एवढ्यावर बढती मिळते.

मग फोर्स इंडिया. नाव भारताचं, कारखाना सिल्व्हरस्टोनचा, २००९ मध्ये इंजिन मर्सिडीजचं आणि चालक इटलीचा. त्या ऑगस्टात बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर जानकार्लो फिझिकेलाने या गाडीला सगळ्यांच्या पुढून सुरुवात करून दिली आणि किमी रायकोनेनच्या मागे दुसरा नंबर मिळवला. तिचे मालक विजय मल्ल्या तरुणपणी मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर स्वतः एन्साइन ही फॉर्म्युला वनची गाडी पळवत. पुढे बँकांच्या हजारो कोटींच्या थकबाकीचा तगादा मागे असताना मार्च २०१६ मध्ये त्यांनी लंडन गाठलं, आणि त्या शर्यतीत त्यांना अजून कुणी ओव्हरटेक केलेलं नाही. संघ जुलै २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला. त्याच जागेतून आता ॲस्टन मार्टिनच्या गाड्या निघतात. पीककर्जाच्या नूतनीकरणासाठी सातबारा घेऊन तिसऱ्यांदा बँकेत आलेला वाशीमचा सोयाबीनवाला हा फोटो जरा जास्त वेळ पाहतो. त्याला वायुगतिकीत रस नसतो. एवढ्या वेगाने निघायचं कसं, हे त्याला समजून घ्यायचं असतं.

नोएडाच्या ट्रॅकचीही कथा ऐकण्यासारखी आहे. २००९ मध्ये आयोजकांनी परदेशी शुल्क भरायची परवानगी मागितली तेव्हा केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने सांगितलं, हा खेळ नव्हे, करमणूक आहे. उत्तर प्रदेशानेही शर्यतीला करमणुकीच्याच खात्यात टाकलं. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं, दर वर्षी एक शर्यत. तिन्ही सेबास्टियन व्हेटेलने जिंकल्या, तिसऱ्यात चौथं जगज्जेतेपदही नक्की केलं आणि आनंदाने गाडीच्या गरगर गिरक्या घेतल्या म्हणून संघाला २५,००० युरोंचा दंड बसला. पुढे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हा ट्रॅक फॉर्म्युला वनचं भारतातलं ‘स्थायी आस्थापन’ आहे, सबब कर भरा. चार वर्षांपूर्वी गाशा गुंडाळून गेलेला पाहुणा कागदोपत्री इथला कायमचा रहिवासी ठरला. वाशीममध्ये रहिवासी दाखल्यासाठी सेतू केंद्राचे खेटे घालणाऱ्यांनी हा निकाल फ्रेम करून ठेवायला हवा.

दुसऱ्या बाकावरचा पटवाला इथे मान डोलावतो, कारण कोर्ट त्यालाही पाठ आहे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जलिकट्टूबरोबर बैलांच्या शर्यतीही बंद केल्या. बैलाची शरीररचना पळण्यासाठी नाही, हे त्यातलं एक कारण. २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायदा दुरुस्त केला, तर उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी द्यायला मनाई केली. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने अटींवर वाट मोकळी केली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने कायद्यावर शिक्का मारला. म्हणजे इकडे मंत्रालय म्हणालं होतं मोटारींची शर्यत हा खेळ नाही, तिकडे न्यायालय म्हणालं होतं बैल हा पळणारा प्राणी नाही. राहता राहिला कारंजा-मालेगाव तालुक्यांतून जाणारा समृद्धी महामार्ग, तर तिथे मोटारीला ताशी १२० ची मर्यादा आणि दुचाकीला प्रवेशच नाही. टपरीवरच्या बहुतेकांकडे दुचाकीच आहे.

साडेसात वर्षांच्या त्या बंदीत पटवाल्यांनी काय केलं? हेच. मोबाइलवर जुन्या जोड्या फिरवल्या. अमुक साली तळेगाव दशासरच्या पटात कोणत्या जोडीने किती सेकंदांत दान मारलं, धुरकरी कोण होता, घड्याळ कुणी धरलं होतं, आणि ते दोन बैल कसे नुसत्या आवाजावर उधळत, काठी लावायची गरजच नव्हती. जुना बैल कधी अडला नाही, कधी कुंपणात घुसला नाही. सगळे बैल जिंकत होते. मग हरत कोण होतं, हे विचारायचं नसतं. बैलाच्या ऐन पळण्याचा काळ मोजक्या वर्षांचा. बंदी उठेस्तोवर कितीतरी बैलांची पळण्याची उमर औताला जुंपून सरली आणि तेही ऐतिहासिक झाले. आता पट भरवायचा तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पशुवैद्यकाकडून तपासणी होते, काठी-चाबूक चालत नाही आणि क्रूरता आढळली तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. फॉर्म्युला वनवाल्याला हे ऐकून हेवा वाटतो. त्याच्या चालकाला नियम मोडल्यावर फार तर मागच्या रांगेत उभं करतात.

दोघांच्या लक्षात न आलेली बाब अशी की त्यांचे हंगाम एकमेकांना पूरक आहेत. खरिपाचा माल घरात आला की पट रंगतात, नेमके तेव्हा फॉर्म्युला वनच्या गाड्या कारखान्यात असतात. जुलैत सिल्व्हरस्टोन गाजतं, तेव्हा बैल पेरलेल्या वावरात डवरणीला असतात. दोन बाकांची सोयरीक झाली तर बाराही महिने शर्यत पाहता येईल. पण मग वाट कोण पाहणार? वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला आणि वीस वर्षांनी, २०१८ मध्ये, नीती आयोगाच्या ‘आकांक्षित’ जिल्ह्यांच्या यादीत गेला. वाट पाहण्याचा अनुभव इथे उदंड आहे. तो असा वाया घालवून चालायचं नाही.

आणि ऐतिहासिक यंत्रच पाहिजे, तर जिल्ह्याच्या पदरी होतं की. मूर्तिजापूरहून कारंज्यावरून यवतमाळला जाणारी नॅरोगेज शकुंतला. मँचेस्टरला १९२१ मध्ये घडलेलं तिचं वाफेचं इंजिन १९२३ पासून १९९४ च्या एप्रिलपर्यंत डबे ओढत होतं. सत्तर वर्षं एकच यंत्र, एकच मार्ग. निवृत्ती नाही, अपील नाही. फेरारीचा शेवटचा जगज्जेता चालक २००७ चा म्हणून जे हवालदिल होतात, त्यांनी शकुंतला ब्रॉडगेज होण्याची वाट पाहणाऱ्या कारंजेकराशी एकदा बोलून घ्यावं. तरीही टपरीवर शकुंतलेचा फोटो कुणी काढत नाही. ज्यात आजोबा खरोखर बसून गेले, जी थांबे घेत घेत कासवाच्या चालीने चालली, तिच्याबद्दल अतिशयोक्ती करायला वावच उरत नाही.

दरम्यान २०२६ साठी नियम पुन्हा बदलले. गाड्या आखूड आणि हलक्या झाल्या, निम्मी ताकद विजेची ठरली, ऑडी आणि कॅडिलॅक नव्याने आल्या. त्याबरोबर २०२२ ते २०२५ च्या गाड्या एका रात्रीत जुन्या झाल्या. याच त्या गाड्या, ज्यांनी सरळ रस्त्यावर बेडकासारख्या उड्या मारल्या म्हणून २०२२ भर शिव्या खाल्ल्या. बाकूची शर्यत संपल्यावर लुईस हॅमिल्टन मर्सिडीजमधून पाठ धरून कसाबसा उतरला होता. त्याच मर्सिडीजचा फोटो आता टपरीवर फिरू लागला आहे, आणि फिरवणारा उसासा टाकून सांगतो, अशी गाडी पुन्हा होणे नाही.

पटवाल्याने मोबाइल हातात घेतला, फोटो बोटांनी मोठा करून पाहिला.

“याची पाठ कायनं गेली?”

“गाडी उसळत होती, भाऊ. ताशी तीनशेनं.”

“मंग खाली पोतं टाका म्हना ना त्याले. आमी तर कडबा टाकतो.”